कामावर माणसांशी जमतं का, हे कसं तपासावं

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा किंवा मुलगी कामाच्या वयाला आली की मागणी येते, "सोशल स्किल्सचा रिपोर्ट द्या." मी जॉब कोच आहे, म्हणजे अशा मुलांना प्रत्यक्ष कामावर शिकवते. हा रिपोर्ट मी खोलीत बसून लिहीत नाही. "साहेब रागावले तर काय करशील?" याचं चोख उत्तर देणारी मुलं प्रत्यक्षात काम अडलं की गप्प उभी राहतात. उलटही होतं.

आधी काम ठरवा. त्यात माणसांशी संबंध कुठे येतो ते लिहून काढा: मदत मागणं, सामान संपल्याचं सांगणं, चूक दाखवल्यावर दुरुस्त करणं, काम झाल्याचं कळवणं. नजरेला नजर देणं यादीत घालू नका. खाली बघून नीट ऐकणारे पुष्कळ असतात. बळजबरीने वर बघायला लावलं की त्यांचं ऐकणंच सुटतं.

मग अडचण मुद्दाम येऊ द्या. पॅकिंगच्या टेबलावर मी संपत आलेली टेप ठेवते. एक तरुण टेप संपल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. 'पुढाकार नाही' असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. मी न बोलता 'टेप संपली' लिहिलेलं कार्ड पुढे सरकवलं. त्याने ते सुपरवायझरला नेऊन दाखवलं आणि नवी टेप घेऊन आला. पुढच्या वेळी कोपऱ्यातलं कार्ड त्याने आपणहून उचललं. काय हवंय हे त्याला कळत होतं, आयत्या वेळी शब्द फुटत नव्हते. रिपोर्टमध्ये हे असंच्या असं यायला हवं.

स्वमग्न तरुणांची कामासाठीची तयारी तपासणाऱ्या, २००७ साली आलेल्या टीटॅप (TTAP) चाचणीत गुण देण्याची पद्धत म्हणूनच मला पटते: जमतं, जमू लागलंय, जमत नाही. मधल्या पायरीवरची कौशल्यं आधी शिकवायला घ्या. ही चाचणी थेट निरीक्षणाबरोबर घरून आणि शाळेतून किंवा कामावरूनही माहिती घेते. घरी विचारणं टाळू नका. दिवसभर सगळ्यांसारखं वागण्याचा आटापिटा करून काही जण संध्याकाळी पार कोलमडतात. कामावर ते 'उत्तम' दिसतात. त्या व्यक्तीलाही विचारा, बोलून जमत नसेल तर लिहून किंवा चित्रांतून.

समोरच्याचं वागणंही नोंदवा. "जरा बघून घे" ही सूचना कुणालाही धड कळणार नाही. तीच सूचना "हे खोके मोजून इथे आकडा लिही" अशी देऊन पाहा आणि दोन्ही वेळचा निकाल शेजारी शेजारी लिहा. काही आठवड्यांनी दुसऱ्या सुपरवायझरच्या हाताखाली पुन्हा तपासा. एका माणसापुरतं जमणं आणि कामावर जमणं यांत बराच फरक असतो.