टपालाच्या लाइनी नव्याने आखताय? परतीची थैली आधी

आमच्या विभागातल्या टपालाच्या लाइनी, म्हणजे टपालाच्या थैल्या कुठल्या मार्गाने आणि किती वाजता गावोगावी जातात-येतात ते, नव्याने आखायचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होतं. त्यात मी एक गोष्ट विसरलो आणि पाच महिने घाटाखालच्या गावांना ती भोगावी लागली. आता दोन तरुण निरीक्षकांवर तेच काम आलंय. ते विचारायला आले तेव्हा त्यांना जे सांगितलं, ते इथे लिहून ठेवतो.

आधी मोजणी. जुने तक्ते उचलून बसू नका. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे त्याआधीचे प्रकारवार आकडे आज जसेच्या तसे चालत नाहीत. निदान महिनाभर रोज मोजा. पार्सलं नुसती नगावर मोजू नका, ती जागा किती अडवतात ते लिहा. शंभर पाकिटं एका थैलीत आरामात जातात, पण मिक्सरची चार खोकी पोस्टमनच्या सायकलवर बसत नाहीत. आणि येणारं टपाल मोजून झालं की वही मिटू नका. जाणारं मोजा. प्रत्येक शाखा डाकघरातून, म्हणजे गावच्या छोट्या पोस्टातून, दर दिवशी, किती वाजता निघालं तेही लिहा. मी हे केलं नव्हतं.

मग पिन. पिन म्हणजे रस्त्यांचा नकाशा नव्हे. पिन १९७२ साली आला, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. ४१५ मध्ये घाटावरचा सातारा आणि घाटाखालची रत्नागिरी दोन्ही आहेत. ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग. पहिले तीन आकडे पाहून छाननी लावलीत तर सह्याद्रीच्या दोन बाजूंचं टपाल एकाच ढिगात पडेल आणि रेल्वेने थेट येऊ शकणारी थैली घाट चढून-उतरून येईल. पुढचे आकडेही बघा, कुठला गठ्ठा कुठल्या गाडीने लवकर पोचतो ते बघा आणि मगच सॉर्टिंगची यादी करा.

आता मुख्य गोष्ट. परतीची थैली.

आमच्याकडे पूर्वी टपाल एसटीने जायचं. सकाळी दहाच्या सुमारास गाडी गावात थैली टाकायची आणि तीच गाडी दुपारी तीनला परतताना गावची थैली घेऊन यायची. मी एसटी बंद करून भाड्याची टपालगाडी लावली. ती आठ वाजता गावात पोचायची. बटवडा दोन तास लवकर सुरू झाला, वरिष्ठ खूश, मीही खूश. पण गाडी थैली टाकून लगेच फिरायची. त्या वेळी गावात नुकतं कुलूप उघडलेलं. तिच्या हाती पडायची ती आदल्या दिवशीची थैली. म्हणजे गावातून निघणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक पार्सल एक दिवस उशिरा. शनिवारचं थेट सोमवारी. त्यात राख्यांचे दिवस आले. एका गावातल्या राख्यांची पाकिटं पौर्णिमा उलटल्यावर पोचली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

आणि थैलीत फक्त पत्रं नसतात. शाखा डाकघराचा रोजचा हिशेब त्याच थैलीतून वर जातो, मर्यादेबाहेरची रोकड त्याच थैलीतून वर जाते. थैली अडकली की पैसा गावात अडकतो. एका शाखेच्या डाकपाल बाई बचत खात्यांत जमा झालेली रोकड रात्रभर घरी उशाशी घेऊन झोपत होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. ‘साहेब, गाडी थोडी उशिरा फिरवता येईल का?’ एवढंच विचारलं, तेही मी तपासणीला गेलो तेव्हा. ती वही, तो लोखंडी पेटारा आणि त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

गाडी दिवसभर थांबवून ठेवू म्हणाल, तर तेही जमत नाही. गावचं पोस्ट सांभाळणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाचं काम दिवसाला चार किंवा पाच तासांचं. आठला थैली घ्यायची आणि पाचला द्यायची, तर माणूस चार तासांच्या मोबदल्यात नऊ तास अडकतो. म्हणून उलटं करा. वरच्या कार्यालयातून संध्याकाळची रवानगी किती वाजता सुटते ते आधी धरा, तिथून मागे मोजत गावातली थैली बंद व्हायची वेळ काढा, आणि त्यानंतरच सकाळची गाडी ठरवा. प्रत्येक लाइनीसमोर दोन वेळा लिहा, थैली येण्याची आणि थैली निघण्याची. दुसरा रकाना रिकामा असेल तर त्या कागदावर सही करू नका.

पावसाळ्याची लाइन वेगळी काढा. दरडी कोसळतात, वरंध्यासारखे घाट बंद होतात, आणि राखी-गणपती नेमके त्याच दिवसांत येतात. गणपतीत एसटी आणि महामार्ग दोन्ही तुंबतात. पर्यायी लाइनीलाही परतीची वेळ लिहा. हो, तिलाही.

बीट, म्हणजे एकेका पोस्टमनचा वाटपाचा भाग, आखताना नकाशावर रेघा मारू नका, जुन्या पोस्टमनबरोबर एक दिवस फिरा. कुठला पूल पाण्याखाली जातो आणि कुठल्या वाडीचं पत्र दुकानात ठेवलं की पोचतं, ते त्यालाच ठाऊक असतं. वितरण एका मोठ्या केंद्रात एकवटणार असाल तर पोस्टमनला सकाळी तिथवर यायला किती वेळ आणि किती पेट्रोल लागतं ते हिशेबात धरा.

थैल्या, वजनकाटे, लेबलं, पार्सलांसाठी रॅक: माहीतच आहे. कुठलं कार्यालय कुणासाठी थैली बांधतं याची संगणकातली नोंद त्याच रात्री बदला. नाहीतर थैली एकीकडे आणि नोंद दुसरीकडे. पत्रपेट्यांवरच्या वेळेच्या पाट्या बदला. सरपंचांना, शाळांना, बचत गटांना कळवा. आधी एकच लाइन दोन आठवडे चालवून बघा, मग बाकीच्या.

पहिल्या दिवशी सकाळी केंद्रावर फोटोसाठी उभे राहू नका. दुपारी शेवटच्या गावात जा. थैली बांधण्याआधी दोन-चार पाकिटांवरचा शिक्का बघा. तारीख आजचीच हवी. मग ती थैली गाडीत चढेपर्यंत तिथेच थांबा.