पुस्तकाचं बाड संपादकाकडे देताय? या चुका टाळा

‘तसं सगळं झालंय, तुम्ही फक्त शुद्धलेखनावर एकदा नजर टाका.’ माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ बाडांसोबत हे वाक्य येतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याच्या आत्मचरित्रासोबतही आलं होतं. मीही मुकाट्याने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलं. ही माझी चूक. मग त्यांच्या मित्राने ते वाचलं आणि विचारलं, ‘धरण कुठंय?’ धरणाचं काम सुरू होत होतं पान 140 वर! आधीची तीन प्रकरणं गेली आणि त्यांच्या शुद्धलेखनाचे पैसेही गेले.

संपादनात तीन वेगळी कामं येतात. आधी मांडणी, म्हणजे काय ठेवायचं, काय काढायचं, कुठून सुरुवात करायची. मग भाषा. मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफं तपासणं, सगळ्यात शेवटी, पानं लागल्यावर. क्रम उलटला की दोनदा पैसे जातात. तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते पहिल्याच फोनवर सांगा. ठरवता येत नसेल तर संपादकाला आधी नुसतं वाचायला द्या आणि दोन पानी अभिप्राय मागा. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात, पण ते वसूल होतात.

दुसरी चूक म्हणजे संपादकाचं गोड बोलणं शब्दशः घेणं. ती कळायला जरा वेळ लागतो. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाकडून पुन्हापुन्हा लिहून घेत, तेव्हा त्यांच्यामागे ‘मौज’ ही प्रकाशनसंस्था होती. लेखक त्यांना पैसे देत नव्हता. आता संपादकाचे पैसे तुम्ही देता, त्यामुळे तो जपून बोलतो. ‘छान आहे, थोडं आटोपशीर करूया’ याचा अर्थ बहुतेकदा ‘चाळीस पानं काढा’ असा असतो. म्हणून थेट विचारा, ‘कुठल्या पानावर कंटाळा आला?’ पानाचा आकडा सांगताना आडपडदा ठेवता येत नाही.

मराठीत सर्वांत जास्त भांडणं होतात ती बोलीवरून. साताऱ्याकडच्या एका लेखिकेची आजी ‘म्या काय म्हनलं’ म्हणायची, ती संपादित प्रतीत ‘मी काय म्हणाले’ म्हणू लागली. आजीच गेली की हो त्यातून! संपादकाने मन लावून काम केलं होतं, पण बोली राखायची हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. यावर उपाय एका कागदाचा: काय कसं लिहायचं ते आधीच ठरवून त्यावर लिहा आणि संपादकाला द्या. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’? शासनमान्य नियम बोलण्यातला उच्चार दाखवताना ‘केलं’ची मुभा देतात, एरवी ‘केले’ लिहायला सांगतात. ललित लेखनात मात्र सगळीकडे ‘केलं’ सर्रास चालतं. दोन्हींतलं काहीही घ्या, पण एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत. कोणतं पात्र कोणती बोली बोलतं, गावांची आणि माणसांची नावं कशी लिहायची, आकडे अंकी की अक्षरी, हे सगळं त्याच कागदावर. संपादित प्रत हातात आली आणि आजी पुण्याची झालेली दिसली, तर मूळ फाइल काढा, फक्त संवाद परत घ्या आणि बाकीच्या दुरुस्त्या राहू द्या. सगळं काम फेकून देऊ नका.

पुढच्या वेळी आधी एकच प्रकरण करून घ्या. ते वाचताना ‘हे मी लिहिलेलं नाही’ असं वाटलं तर तिथेच बोला. दहाव्या प्रकरणाला बोलून दोघांचीही चिडचिड होते.

फाइलचं थोडक्यात सांगतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ही दुरुस्ती संपादनाच्या आधी करून घ्या, नाहीतर संपादक तुमच्या पैशाने टंकलेखनाच्या चुका काढत बसेल. वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवूनच काम करायला सांगा. फाइल एका वेळी एकाच्याच हातात असू द्या. ती संपादकाकडे असताना इकडे तुम्ही ‘फायनल 2’ काढलीत की दोन बाडं तयार होतात आणि ती जुळवण्यात आठवडा जातो. व्हॉट्सॲपवर ‘पान 63, तिसरी ओळ’ असले निरोपही नकोत. संपादकाकडे पान 63 वेगळंच असतं.

कुणाच्या कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी घेतल्या असतील तर त्यांची यादी करा. आपल्याकडे कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो, आणि परवानगी मिळवणं हे आपोआप संपादकाचं काम होत नाही. मोबदला शब्दांवर की फॉर्मवर (म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावर) आणि त्यात किती फेऱ्या, हे ईमेलवर लिहून घ्या. ओळखीचा माणूस असेल तर हटकून घ्या.

शेवटची खोड मुद्रितं हातात आल्यावर उसळते. फॉर्म सहसा 16 पानांचा. शेवटचा फॉर्म भरलेला असताना अर्धं पान वाढवलंत तरी नवा फॉर्म उघडावा लागू शकतो. शिवाय अनुक्रमणिका पुन्हा तपासा, सूचीतले आकडे पुन्हा जुळवा. आमच्या अभियंत्यांचा फोन नेमका तेव्हाच आला होता: ‘कोयनेच्या भूकंपाचा एक प्रसंग राहिलाच बघा!’ प्रसंग झकास होता. दुसऱ्या आवृत्तीसाठी तो वहीत लिहून ठेवायला सांगितलाय.