आणीबाणीच्या दशकातला महाविद्यालयीन वार्षिकांक कसा वाचावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर १९६६ ते १९७७ या काळातला महाविद्यालयाचा वार्षिकांक सापडला, तर तो रद्दीत देऊ नये. सीमाभागातल्या तरुणांना तेव्हा जगाविषयी काय वाटत होते, हे त्यांच्याच शब्दांत अन्यत्र क्वचितच मिळते. गंजलेल्या पिना अलगद काढाव्यात, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि प्रत्येक पानाचा फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावा.

वाचण्यापूर्वी अंकाचे साल नक्की करावे. मजकुरात 'म्हैसूर राज्य' असा उल्लेख असेल, तर तो बहुधा १ नोव्हेंबर १९७३ पूर्वीचा असतो, कारण त्या दिवशी राज्याचे नाव कर्नाटक झाले. मात्र मुखपृष्ठावर 'कर्नाटक विद्यापीठ, धारवाड' असे छापले आहे म्हणून अंक त्यानंतरचा ठरवू नये. विद्यापीठाचे नाव त्याहून बरेच जुने आहे. शिवाय असे अंक सहसा शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस छापले जात, त्यामुळे २५ जून १९७५ ला लागू झालेल्या आणीबाणीचे पडसाद १९७४-७५ च्या अंकात शोधणे व्यर्थ आहे. त्यासाठी पुढचाच अंक मिळवायला हवा.

त्या पुढच्या अंकात काय नाही, हेही पाहावे. वृत्तपत्रांवर तेव्हा सेन्सॉरशिप होती. आदल्या वर्षी महागाईवर तावातावाने लिहिणारे संपादकीय अचानक निसर्गवर्णनाकडे वळलेले दिसले, तर तशी नोंद जरूर करावी. पण भीतीमुळेच तसे झाले, असा निष्कर्ष त्या काळच्या संपादक मंडळातल्या कोणाशी बोलल्याशिवाय काढू नये.

राजकारण, नाटक आणि परदेशच्या घडामोडी वेगवेगळ्या कप्प्यांत टाकू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. माझ्याकडच्या एका अंकात व्हिएतनामवरच्या लेखासमोरच गॅदरिंगमधल्या एकांकिकेचा फोटो आहे. राजाची दाढी एका बाजूने सुटली आहे आणि मागच्या पडद्यावरची घडी स्पष्ट दिसते. त्या लेखाखाली आणि फोटोखाली एकाच विद्यार्थ्याचे नाव आहे. महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे असे सुचवल्यानंतर भाषेचा प्रश्न ज्याच्या घरात रोज निघत होता, त्याने १९७१ मधल्या बांगलादेशाच्या जन्माकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा शोध त्याच्या कवितेतही घ्यावा.

त्या पिढीतल्या काकांना किंवा सरांना भेटायला जाताना अंक सोबत न्यावा. 'तो काळ कसा होता?' असे विचारले की ठरावीक उत्तर मिळते. त्याऐवजी फोटो पुढे ठेवून 'काका, ही दाढी कुणी आणली होती?' असे विचारावे. सांगितलेली सालेही पडताळून घ्यावीत. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात झाला, त्यामुळे ते १९७० मध्ये पाहिल्याची आठवण कोणी सांगितली, तर त्यांना न दुखावता दुसरा एखादा प्रसंग विचारून काळ जुळवावा.

कन्नड विभाग असेल, तर तो वगळू नये. तो शेजारच्या कन्नड जाणकाराकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि महागाईवर, युद्धावर, परीक्षेवर तिथे काय लिहिले आहे, ते मराठी पानांच्या शेजारी मांडावे.