नवा बूफर बसवला, पण लाइटच लागेना? ॲम्प जळाला म्हणण्याआधी या चुका तपासा

मावसभावाने मागच्या दिवाळीत त्याच्या स्विफ्टमध्ये स्वतःच्या हाताने बूफर (म्हणजे सबवूफर, धडधडणाऱ्या जड आवाजाचा स्पीकर) बसवला. सिडकोतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी मिसळ खाऊन कामाला लागलेला हा गडी संध्याकाळी साडेसहाला फोन करतो, "दादा, सगळं जोडलं, पण ॲम्पमध्ये जीवच नाही." मी गंगापूर रोडवरून पोहोचेपर्यंत तो एका दुकानात जाऊनही आला होता. दुकानदाराने मीटर न लावताच सांगितलं, "बोर्ड गेलाय, दोन हजार लागतील." बोर्ड ठणठणीत होता. डिक्कीतल्या पत्र्यावरचा रंग न खरवडता अर्थिंगचा बोल्ट पिळला होता, एवढाच आजार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपण "बूफर चालू होत नाही" म्हणतो, पण खोक्यातल्या साध्या बूफरला चालू-बंद काही नसतं. चालू होतो तो ॲम्प, म्हणजे बूफरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर. सीटखालच्या पातळ बूफरमध्येही ॲम्प आतच बसवलेला असतो. ॲम्पचा लाइट लागायला तीनच वायरी लागतात: बॅटरीचा पॉझिटिव्ह, बॉडीची अर्थिंग आणि स्टिरिओकडून येणारी रिमोट वायर. ऑडिओच्या आरसीए पिना आणि स्पीकरच्या वायरी यांचा लाइट लागण्याशी संबंध नाही (ऑटो टर्न-ऑनवर लावलेला ॲम्प तेवढा अपवाद, त्याचं पुढे बोलू). म्हणून तपासायला बसताना त्या काढूनच ठेवा. त्यातल्या एखाद्या शॉर्टमुळे ॲम्प प्रोटेक्शनला जात असेल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडत असेल, तर तेही लगेच कळतं.

चूक: बॅटरीवर मोजणे, ॲम्पवर न मोजणे

बहुतेक जण बोनेट उघडून बॅटरीवर मीटर लावतात, 12.6 व्होल्ट दिसले की "सप्लाय आहे" म्हणतात. बॅटरीवर असणारच. प्रश्न आहे तो मागे डिक्कीपर्यंत पोहोचतो का. मीटरच्या दोन्ही पिना ॲम्पच्या स्वतःच्या स्क्रूंवर टेकवा: एक पॉझिटिव्हवर, दुसरी ग्राउंडवर, म्हणजे अर्थिंगच्या स्क्रूवर. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. मग काळी पिन ग्राउंडवरच ठेवून लाल पिन रिमोटवर न्या. स्टिरिओ चालू केला की 12 च्या आसपास, बंद केला की शून्य. तिन्ही आकडे बरोबर आले आणि तरी लाइट नाही, तरच ॲम्पवर संशय घ्यायचा.

पण मीटर कधीकधी फसवतो, आणि मावसभावाला त्यानेच फसवलं. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे वायरीचा एकच धागा टेकलेला असला किंवा बोल्टखाली रंगाचा थर असला तरी मीटरवर ऐटीत 12 व्होल्ट दिसतात. ॲम्पने खरा करंट मागितला की ते क्षणात कोसळतात. यावर उपाय स्वस्त आहे: 12 व्होल्ट 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी. हा बल्ब पावणेदोन ॲम्पिअर खेचतो. तो ॲम्पच्या पॉझिटिव्ह आणि ग्राउंड स्क्रूला लावा. लख्ख पेटला तर दोन्ही वायरी खऱ्या. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर बल्बची ग्राउंडकडची वायर तिथून काढून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत थेट लांब वायरीने न्या. आता पेटला तर दोष अर्थिंगचा. तरीही पेटत नसेल तर पॉझिटिव्हचा. ॲम्प बसवायला निघालेल्या प्रत्येकाने हा बल्ब आधी घ्यावा, बाकी हत्यारं नंतर.

अर्थिंग: सगळ्यात जास्त रोगी इथे सापडतात

गाडीचा पत्रा कारखान्यातून प्राइमर, रंग आणि लॅकर असे थर घेऊन येतो, आणि हे तिन्ही करंट अडवतात. नुसता स्क्रू आरपार मारला तर त्याच्या आट्यांपुरता संपर्क मिळतो, तोही नशिबाने. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, वायरीच्या टोकाला लग (धातूची कडी) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, दात असलेला वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून रंगाचा हात किंवा ग्रीस लावा. हा शेवटचा भाग लोक विसरतात. त्र्यंबककडे पावसात रोज जा-ये असणाऱ्या गाडीला तो विसरलात, तर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि दिवाळीत वाजणारा बूफर श्रावणात मुका होतो.

अर्थिंगची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड आणि जमेल तितकी आखूड ठेवा. दीड-दोन फूट पुष्कळ झाली. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. तो तुमचा जीव धरून असतो, ॲम्पसाठी तो सैल करायचा नाही. आणि नवं भोक पाडायच्या आधी खाली वाकून बघाच. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. ड्रिल घेऊन उत्साहात बसलेल्या माणसाला हे आठवत नाही. सीएनजी गाडी असेल तर डिक्कीत सिलिंडरच्या पट्ट्या आणि त्याच्या नळ्या हात न लावण्याच्या यादीत धरा. तिथे जागाही नसते, सरळ सीटखालचा बूफर घ्या.

रिमोट वायर: निळी आणि निळी-पांढरी

बाजारातल्या स्टिरिओच्या हार्नेसमध्ये (मागच्या वायरींच्या जुडग्यात) सहसा दोन निळ्या दिसतात. निळी-पांढरी ॲम्पसाठी असते, नुसती निळी मोटारवाल्या अँटेनासाठी. दोन्हींवर 12 व्होल्ट येतात, म्हणून गोंधळ होतो. पण अँटेनाच्या वायरीवर अनेक स्टिरिओ फक्त रेडिओ लावल्यावरच व्होल्टेज देतात. म्हणजे एफएमवर बूफर धडधडतो आणि ब्लूटूथवर गाणं लावलं की मरतो. अशी तक्रार असेल तर दुसरं काही न तपासता आधी वायरीचा रंग बघा. अँड्रॉइड स्टिरिओमध्ये वायरीवर नाव छापलेलं असतं, तेही वाचावं. रंगावर फार विसंबू नये, कारण स्वस्त हार्नेसमध्ये रंग बदललेले असतात.

रिमोट खरंच दोषी आहे का हे दहा सेकंदात कळतं. वायरीचा छोटा तुकडा घ्या आणि ॲम्पच्या पॉझिटिव्ह स्क्रूवरून रिमोट स्क्रूला क्षणभर टेकवा. तो चुकूनही ग्राउंडला लागू देऊ नका, ठिणगी उडेल. लाइट लागला तर ॲम्प, पॉझिटिव्ह आणि अर्थिंग तिन्ही निर्दोष.

मात्र हा तुकडा तसाच ठेवून "झालं काम" म्हणणारे महाभाग आहेत. ॲम्प रात्रभर चालू राहतो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी 35 अॅम्पिअर-अवरच्या आसपास असते. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की ढकलस्टार्टची वेळ येते.

कंपनीच्या स्टिरिओत रिमोटची वायर बहुधा नसतेच. मग दोन मार्ग आहेत. ॲम्पला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारी जागा) आणि ऑटो टर्न-ऑन (त्या वायरींवरून आपोआप चालू होणं) असेल तर स्पीकरच्या वायरी त्यात द्यायच्या आणि त्याचं छोटं बटन ऑटोवर करायचं. हे बटन बंद राहिलं म्हणून "खराब ॲम्प" परत करणारे असतात. दुसरा मार्ग म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर चालू होणारा एखादा फ्यूज शोधून त्यावर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढून देणारी जोडणी) बसवणं. एअरबॅग किंवा एबीएसचा फ्यूज यासाठी वापरू नका.

फ्यूज डोळ्यांनी तपासू नका

ॲम्पच्या वाटेत फ्यूज दोन जागी असतात: एक बॅटरीजवळ, दुसरा ॲम्पच्या अंगावर. काचेचा फ्यूज टोपीच्या आत तुटला तर बाहेरून साजरा दिसतो. फ्यूजच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा, एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही तर उडाला. आणखी एक साधी गोष्ट: जोडणी करताना बॅटरीजवळचा फ्यूज काढून डॅशबोर्डवर ठेवला जातो आणि तिथेच राहतो. हसू नका, मीही हे केलंय.

नवा फ्यूज टाकल्या टाकल्या पुन्हा उडाला तर मोठा टाकू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात गुंडाळू नका. वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. बोनेटमधून आत येताना रबरी ग्रोमेटशिवाय (भोकात बसवायच्या कडीशिवाय) पत्र्याच्या धारेवरून ओढली असेल तर तिथे, नाहीतर सीटच्या रेलखाली चिरडली असेल. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. 8 गेजच्या तांब्याच्या वायरीला 50 ते 60 ॲम्पिअर, 4 गेजला 100 च्या आसपास. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर असेल तर त्याहून कमी धरा. आणि तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. मागे ॲम्पजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर.

लाइट लागतो, पण लाल

हा वेगळा आजार आहे, थोडक्यात सांगतो. स्पीकरच्या वायरी काढल्यावर लाल लाइट हिरवा झाला तर दोष बूफरकडे. एकतर धागा धाग्याला लागलाय, नाहीतर बूफरचा ओहम (करंटला होणारा विरोध) कमी पडतोय. 4 ओहमच्या दोन कॉइलचा बूफर समांतर जोडला की 2 ओहम होतो, असे दोन बूफर एकत्र केले की 1 ओहम. ॲम्पवर 'किमान 2 ओहम' लिहिलेलं असेल तर तो प्रोटेक्शनला जाणार, त्यात त्याचा काय दोष? वायरी काढूनही लालच राहिला, तेव्हा मात्र दुकान गाठा.

हिरवा लाइट आहे आणि आवाज नाही, तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन सबवूफर 'ऑन' आहे का बघा. बॅटरीचं टर्मिनल 10 नंबरच्या पान्याने काढलेलं असतं, त्यात काही स्टिरिओंच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. मावसभावाची अर्थिंग रात्री आठला घासून दिली, हिरवा लाइट लागला, सोसायटीतली पोरं जमली, आणि पुढचा अर्धा तास बूफर गप्पच. सेटिंगमध्ये सब 'ऑफ' होता.