भारतातल्या कोविड व्हायरसची म्युटेशन्स आपण स्वतः कशी ट्रॅक करायची

नवीन व्हेरियंटची बातमी आली की ठाण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ग्राफ फिरायला लागतात, आणि ते कुठल्या डेटावरून काढलेत हे कुणीच सांगत नाही. खरं तर यातला भरपूर डेटा उघड्यावर आहे, फुकट आहे, आणि बारावी सायन्स झालेल्या कुणालाही लॅपटॉपवर एका दुपारी तो उघडून बघता येतो. मी बीएससीच्या मुलांना जसं करून दाखवते तसंच इथे लिहितेय.

आधी थोडं बेसिक. कोविडच्या व्हायरसचा जीनोम म्हणजे साधारण ३० हजार अक्षरांची एक आरएनएची ओळ, वुहानचा जो रेफरन्स जीनोम सगळे वापरतात तो २९,९०३ अक्षरांचा आहे. व्हायरस स्वतःची कॉपी काढताना चुका होतात, त्यातल्या टिकलेल्या चुका म्हणजे म्युटेशन्स, आणि एका साखळीत महिन्याला सरासरी दोनच्या आसपास जमा होतात. लिहायची पद्धत सोपी आहे: एल४५२आर म्हणजे प्रोटीनमध्ये ४५२ नंबरच्या जागेवर आधी एल हे अमिनो अॅसिड होतं, आता आर आहे. बहुतेक म्युटेशन्सनी काहीही फरक पडत नाही, त्यामुळे "नवीन म्युटेशन सापडलं" एवढ्याने घाबरू नका, ते वाढतंय का हा खरा प्रश्न.

आता डेटा. दोन मोठ्या जागा आहेत. गिसेड या जागतिक डेटाबेसवर भारताचे सिक्वेन्स (म्हणजे लॅबने वाचलेले जीनोम) सगळ्यात जास्त सापडतात, पण तिथे खऱ्या नावाने रजिस्टर करावं लागतं, डेटा पुढे वाटता येत नाही आणि ज्या लॅबने सिक्वेन्स दिलाय तिचं श्रेय द्यावंच लागतं, आणि हे श्रेय मनापासून द्या कारण पश्चिम बंगालच्या कल्याणीपासून पुण्यापर्यंतच्या लॅबमधल्या लोकांनी लाटेच्या मध्यावर रात्रंदिवस काम करून हे जमवलंय. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा लॅब एकत्र आणून इन्साकॉग हे सिक्वेन्सिंगचं नेटवर्क सुरू केलं, आपल्या राज्यातून त्यात पुण्याच्या एनआयव्ही (विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (पेशी विज्ञान केंद्र) होत्या. नंतर ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत कस्तुरबा हॉस्पिटलमध्येही सिक्वेन्सिंग लॅब सुरू झाली.

नवख्या माणसाने मात्र दुसऱ्या जागेपासून, म्हणजे एनसीबीआय व्हायरस या अमेरिकी सरकारी साइटपासून सुरुवात करावी, रजिस्ट्रेशन लागत नाही. तिथे व्हायरस निवडा, देश इंडिया, सिक्वेन्स पूर्ण हवा हा फिल्टर, आणि कलेक्शन डेटची रेंज. सुरुवातीला तीन-चार महिने आणि काहीशे सिक्वेन्स पुरेत. फास्टा फाइल (यात सिक्वेन्सची अक्षरं असतात) आणि सोबत माहितीचा तक्ता असं दोन्ही डाउनलोड करा. इथे एक गोष्ट अगदी जपून बघा, कलेक्शन डेट म्हणजे स्वॅब घेतला ती तारीख, आणि सबमिशनची तारीख वेगळी, दोन्हींत कधीकधी महिन्यांचं अंतर असतं. ग्राफ नेहमी कलेक्शन डेटवर. ज्या नोंदीत नुसतं २०२१ असं लिहिलंय त्या बाजूला काढा, त्यांचा महिनावार ट्रेंडला काही उपयोग नाही.

मग नेक्स्टक्लेड ही फुकट वेबसाइट उघडा. हे ब्राउझरमध्येच चालतं, सिक्वेन्स तुमच्या कॉम्प्युटरच्या बाहेर जात नाहीत. वुहान रेफरन्सवाला कोविडचा डेटासेट निवडायचा, फास्टा टाकायची आणि रन करायचं. थोड्या वेळात प्रत्येक सिक्वेन्सपुढे क्लेड (मोठा गट), पँगो वंशाचं नाव (त्यातली बारीक शाखा, उदा. बी.१.६१७.२), अमिनो अॅसिड बदलांची यादी आणि क्वालिटीचा रंग दिसतो.

या क्वालिटीच्या कॉलमवर घाई करू नका, अर्धं काम इथेच आहे. जिथे लॅबला अक्षर नीट वाचता आलं नाही तिथे एन लिहिलेलं असतं. एन म्हणजे "माहीत नाही", "म्युटेशन नाही" असं नव्हे! डेल्टाच्या वेळी हेच झालं होतं. तेव्हा बऱ्याच लॅब जो प्रायमरचा (जीनोमचे तुकडे वाढवायला लागणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांचा) सेट वापरत होत्या त्यातला एक तुकडा डेल्टावर नीट चालत नव्हता, त्यामुळे स्पाइक प्रोटीनमधलं जी१४२डी हे म्युटेशन असूनही कितीतरी सिक्वेन्समध्ये दिसतच नव्हतं, आणि नुसते आकडे बघणाऱ्याला वाटलं असतं की डेल्टाच्या निम्म्या केसेसमध्ये ते नाहीच. म्हणून कुठल्याही म्युटेशनची टक्केवारी काढताना भागायचं ते फक्त त्या सिक्वेन्सच्या संख्येने जिथे ती जागा वाचली गेलीय. खराब क्वालिटीचे लाल सिक्वेन्स सरळ काढून टाका.

उरलेला निकाल टीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून घ्या, एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये तारखांच्या तक्त्याला जोडा आणि पिव्हट टेबल (मोजणीचा सारांश तक्ता) करा, आडवे महिने, उभे वंश. मग संख्या नाही, हिस्सा बघा. एखाद्या वंशाचे मार्चमध्ये ५० आणि एप्रिलमध्ये २०० सॅम्पल सापडले तर कदाचित एप्रिलमध्ये सिक्वेन्सिंगच चौपट झालं असेल.

आणि हिश्शाबरोबर एकूण सॅम्पल किती हे त्याच रांगेत लिहायची सवय लावा. २० पैकी ४ म्हणजे २० टक्के, पण इतक्या कमी सॅम्पलवर खरा आकडा ६ पासून ४४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. २०० पैकी ४० पण २० टक्केच, तिथे मात्र तो १५ ते २६ च्या आत येतो. १०० सॅम्पलमध्ये एकही सापडला नाही तरी तो वंश ३ टक्क्यांपर्यंत फिरत असू शकतो, म्हणून "ठाण्यात हा व्हेरियंट नाही" असं १०० सॅम्पलवर कुणी म्हणत असेल तर त्याला हे दाखवा.

वेग मोजायचा तर हिश्शाला उरलेल्या हिश्शाने भागा. १० टक्के म्हणजे १०/९०, ३० टक्के म्हणजे ३०/७०, दोन्हींची तुलना केली तर जवळपास चौपट वाढ. याचा लॉग काढून आठवड्यांप्रमाणे मांडला आणि रेषा सरळ वर जात राहिली तर तो वंश बाकीच्यांपेक्षा खरंच पुढे सरकतोय असं धरायला जागा आहे. एकाच आठवड्याच्या उडीवर काही बोलू नका.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. देशाचा ग्राफ म्हणजे देशातला व्हायरस नव्हे, ज्यांचे सॅम्पल सिक्वेन्स झाले त्यांच्यातला व्हायरस. कळव्याला किंवा वाशीला स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून तो पुढे सिक्वेन्सिंगला जातोच असं नाही, त्यात व्हायरस भरपूर लागतो, साधारण सीटी व्हॅल्यू (पीसीआर टेस्टचा आकडा, जितका कमी तितका व्हायरस जास्त) २५ च्या खाली असलेले सॅम्पल पसंत करतात. राज्याराज्यांत प्रमाणही सारखं नाही. तुमच्या डेटात अर्ध्याहून जास्त सिक्वेन्स दोन-तीन राज्यांचेच असतील तर त्याला भारताचा ट्रेंड म्हणू नका, राज्यवार वेगळं पिव्हट करा. प्रवाशांचे सॅम्पल तर वेगळेच ठेवा. राज्यातली पहिली ओमिक्रॉन केस ४ डिसेंबर २०२१ ला आपल्या ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीत जाहीर झाली, ती परदेशातून आलेल्या प्रवाशाची होती आणि तेव्हा बाहेरून आलेल्यांवर मुद्दाम लक्ष होतं. अशा सॅम्पलवरून डोंबिवलीत ओमिक्रॉन किती टक्के हे काढताच येणार नाही, आलाय एवढंच कळतं, आणि तेवढं लवकर कळणंही फार मोलाचं असतं.

सरावासाठी जुना काळ घ्या. फेब्रुवारी ते जून २०२१ चा महाराष्ट्र काढा, एल४५२आर आणि ई४८४क्यू दोन्ही असलेला बी.१.६१७.१ आणि ई४८४क्यू नसलेला बी.१.६१७.२ म्हणजे डेल्टा यांचे हिस्से शेजारी ठेवा. पेपरवाले "डबल म्युटंट" म्हणत होते तो मागे पडून डेल्टा कसा वर आला ते स्वतःच्या शीटवर दिसेल. हे जमलं की चालू महिन्यांकडे या.

चालू ग्राफ दर पंधरवड्याला नव्याने काढा आणि मागचे दोन-तीन महिनेही परत डाउनलोड करा, कारण उशिरा आलेले सिक्वेन्स जुन्या महिन्यांचे आकडे बदलतात. शेवटचे तीन-चार आठवडे फिक्या रंगात ठेवा, कुणाला पाठवताना त्यावर डाउनलोडची तारीख, एकूण सॅम्पल आणि राज्यं लिहा.