पाण्याच्या थेंबाचे फोटो घरीच काढा, सलाइनचा सेट आणि एक फ्लॅश बास

थेंबाच्या फोटोला मॅक्रो लेन्स लागते, महागडा कॅमेरा लागतो असं बरेच जण धरून चालतात. कुठलाही जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली 18-55 ची लेन्स, एक सुटा फ्लॅश आणि तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवूनही पेटवणारा ट्रिगर एवढ्यावर काम होतं. फ्लॅश नसेल तर लग्नाचे फोटो काढणारा एखादा मित्र असतोच, एका दुपारपुरता मागून आणा.

आधी मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट घ्या, सुई काढून टाका. टोकदार बाजू बाटलीच्या झाकणात खुपसायची, बाटलीच्या बुडाला हवेसाठी बारीक भोक पाडायचं आणि दोन खुर्च्यांवर आडवी काठी टाकून बाटली उलटी टांगायची. सेटचं चाक फिरवलं की थेंब पाहिजे तसे कमीजास्त होतात, सुरुवातीला सेकंदाला एक ठेवा. पंखा बंद करा, नाहीतर थेंब दरवेळी वेगळ्याच जागी पडणार.

खाली काळा बेकिंग ट्रे ठेवा, घरात नसेल तर भांडी बाजारात बघा. स्टीलची परात नको, तिच्यात ट्यूबलाइटपासून तुमच्या टी-शर्टपर्यंत सगळं दिसतं! ट्रे काठोकाठ भरा म्हणजे मागची कड फ्रेममध्ये येत नाही.

आता फोकस. थेंब पडतो तिथे पट्टी आडवी ठेवून तिच्यावर पेन्सिल उभी धरा, लेन्स 55 वर, मॅन्युअल फोकस करा आणि मग त्या रिंगला हात लावू नका.

खरी गोम लाइटची आहे. 45 सेंटीमीटरवरून पडलेला थेंब खाली येईपर्यंत सेकंदाला साधारण 3 मीटरचा वेग घेतो, म्हणजे 1/200 शटरमध्ये तो दीड सेंटीमीटर सरकतो आणि फोटोत नुसती रेघ येते. म्हणून थेंब थांबवायचं काम शटरचं नाही, फ्लॅशचं. फुल पॉवरला फ्लॅश जास्त वेळ पेटतो, 1/32 पॉवरला बऱ्याच फ्लॅशचा उजेड 1/10000 सेकंदाहूनही कमी टिकतो. तेव्हा पॉवर कमी, पडदे ओढून खोलीत अंधुक उजेड, शटर 1/200, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 11, प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ 400. फ्लॅश पाण्यावर मारायचा नाही, मागे रंगीत कार्डशीट उभी करून तिच्यावर मारायचा, थेंबात तोच रंग उतरतो.

थेंब नळीतून सुटला की बटण दाबा. खाली यायला त्याला 0.3 सेकंद लागतात, तेवढ्यात तुमचं बोट आणि कॅमेरा दोघंही जागे होतात. फोटोत थेंब हवेतच दिसला तर जरा उशिरा दाबा, नुसत्या लाटा दिसल्या तर जरा लवकर. खोल पाण्यात खड्डा पडून मधून खांब वर येतो, त्या खांबावर पुढचा थेंब आदळला की छत्री होते, त्यासाठी चाक थोडं सैल करून थेंब भराभर सोडावे लागतात आणि नशीबही लागतं. थेंब आदळल्यावर गोल उडणारा मुकुट पाहिजे असेल तर ताटलीत दुधाचा अगदी पातळ थर घ्या. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांचा 1957 चा दुधाच्या थेंबाचा गाजलेला फोटो असाच मुकुटाचा आहे.

फक्त मोबाईल असेल तर पडणाऱ्या थेंबाच्या नादी लागू नका, मोबाईलची एलईडी फ्लॅशसारखी झटक्यात विझत नाही. त्यापेक्षा काचेवर सिरिंजने थेंब ठेवा, पाण्यात थोडं ग्लिसरीन घातलं की तो लवकर सुकत नाही. मागे एक वीत अंतरावर जरबेरा धरा, तोही उलटा, कारण थेंबात चित्र उलटं दिसतं. फोकस थेंबाच्या कडेवर नाही, आतल्या फुलावर टॅप करून लॉक करायचा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तर नाशिककरांना काचही नको, गच्चीवर सकाळच्या उन्हात द्राक्षांचा घड टांगा. मण्यांवरची पांढुरकी लव म्हणजे मेणाचा थर, त्यावर थेंब गोल बसतात, बोट लागलं की ती लव जाते म्हणून घड देठानेच उचला. स्प्रे मारा, सूर्य घडाच्या मागे राहील असे उभे राहा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा. ग्लिसरीन मारलेला घड मात्र धुतल्याशिवाय पोरांच्या हातात देऊ नका.