ओपन सोर्स मॉड्यूलला लायसन्स आणि डॉक्युमेंटेशन कसं जोडावं

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड पब्लिक केला की तो ओपन सोर्स (कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा) झाला, असं सोलापुरात शिकणाऱ्या मुलांना हमखास सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रामही साहित्यकृतीत मोडतो. लायसन्स, म्हणजे वापराच्या परवानगीचा मजकूर, नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. लोकांना कोड दिसतो, पण आपल्या कामात वापरायची परवानगी मिळत नाही.

समजा, यंत्रमाग कारखान्याच्या बिलावरची रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारं मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडता येणारा कोडचा तुकडा, तुम्ही केलंय.

१. आत दुसऱ्याचं काय आहे ते तपासा. लायसन्स निवडायच्या आधी हे करा. बहुतेक जण इथेच घसरतात, आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच.

प्रत्येक फाइल उघडून ती कुठून आली ते लिहून काढा. एमआयटी नावाच्या लायसन्सखालचा कोड उचलला असेल तर त्याची मूळ कॉपीराइट सूचना सोबत ठेवावीच लागते. नाव पुसून आपलं घालणं ही सरळ चोरी आहे. जीपीएल या दुसऱ्या लायसन्सचा कोड मिसळला असेल, तर वाटताना अख्खं मॉड्यूल जीपीएलच्या अटींवरच द्यावं लागतं. अपाचे २.० या आणखी एका लायसन्सचा कोड जीपीएलच्या फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली असलेल्या कोडशी जुळत नाही, तिसरीशी जुळतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरंही फुकटचा माल नव्हे, त्यांना क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सच्या अटी आहेत. बिलाच्या पीडीएफसाठी नोटो देवनागरी फाँट सोबत देत असाल तर त्याचं ओपन फाँट लायसन्सही ठेवा.

मग माणसं. मित्राने चार फंक्शन लिहिली असतील तर त्याची लेखी संमती घ्या. चहाच्या टपरीवरचं ‘टाक की’ पुरत नाही. नोकरीत असाल तर करारपत्र काढून वाचा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. तसं असेल तर कंपनीची लेखी परवानगी आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. लायसन्स निवडा. कुणीही कसंही वापरावं असं वाटत असेल तर एमआयटी, पेटंटची परवानगीही स्पष्ट हवी तर अपाचे २.०, बदल करून वाटणाऱ्याने सोर्स द्यायलाच हवा असं वाटत असेल तर जीपीएल. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ अशी घरगुती ओळ जोडू नका. ती जोडली की ओपन सोर्स उरत नाही.

३. लायसन्सची फाइल टाका. पूर्ण मजकूर जसाच्या तसा, मुख्य फोल्डरमध्ये. पॅकेजच्या माहितीतही तेच लायसन्स लिहा.

४. रीडमी, म्हणजे मॉड्यूलची ओळख करून देणारी फाइल, लिहा. मॉड्यूल काय करतं, इन्स्टॉल कसं करायचं, आणि चालवून पाहिलेलं एक उदाहरण: १२३४५ दिले की ‘बारा हजार तीनशे पंचेचाळीस रुपये फक्त’. पैसे, शून्य आणि कोटींच्या पुढच्या रकमांचं काय होतं, तेही सांगा. जे जमत नाही ते स्पष्ट लिहा, कारण बिलावर चुकीची रक्कम छापली गेली तर भुर्दंड कारखानदाराला बसतो. रीडमी मराठीतही द्या.

५. कोऱ्या मशीनवर फक्त रीडमी वाचून सगळं चालवून बघा, मगच आवृत्तीचा टॅग (आवृत्तीच्या क्रमांकाची खूण) लावा.